मातीत मुरलेल्या तेलाचा माग

पाण्यावर सांडलेलं तेल तरंगतं, म्हणून ते दिसतं. मातीत शिरलेलं तेल चिखलाच्या काळेपणात हरवतं. हे हरवलेलं तेल विमानातून शोधता येतं, हे 'अ‍ॅव्हिरिस' नावाच्या यंत्राने दाखवून दिलं. पॅसाडिना इथल्या 'नासा'च्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ते यंत्र घडवलं गेलं आणि १९८७ मध्ये ते उडू लागलं.

साधा कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग टिपतो. अ‍ॅव्हिरिस जमिनीवरून परतलेला सूर्यप्रकाश २२४ बारीक पट्ट्यांत विभागून मोजतं; ०.४ पासून २.५ मायक्रोमीटरपर्यंत. यातला बराचसा प्रकाश अवरक्त असतो, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, आणि तेलाची खूण नेमकी तिथेच असते. तेलातले कार्बन-हायड्रोजन बंध १.७ आणि २.३ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात. प्रकाशाच्या आलेखात त्या दोन जागी खळगे पडतात. ओली माती आणि तेलकट माती नुसत्या डोळ्यांना सारखीच काळी दिसते. आलेखात त्यांच्यातला फरक उघडा पडतो.

या यंत्राची खरी कसोटी २०१० मध्ये लागली. २० एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या रिगवर स्फोट झाला, ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि समुद्रतळाची विहीर ८७ दिवस तेल ओकत राहिली. लुइझियानातल्या बारातारिया उपसागराच्या दलदलीत ते तेल घुसलं. शास्त्रज्ञ रेमंड कोकॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ जुलै, १४ सप्टेंबर आणि ४ ऑक्टोबरच्या उड्डाणांची मोजणी एकत्र करून साडेतीन मीटर बारकाव्याचा नकाशा केला. तेल लागलेला किनारा ओळखण्यात तो ९३.४ टक्के अचूक ठरला. सुमारे ४० किलोमीटर किनाऱ्यावरचं गवत तेलाने माखलं होतं. तेल सरासरी ११ मीटर आणि जास्तीत जास्त २१ मीटर आत पोचलं होतं. हीच मोजणी लँडसॅट उपग्रहाच्या मोजक्या, रुंद पट्ट्यांत आणि ३० मीटरच्या चौकटीत बसवून पाहिली, तेव्हा तेलाची खूण पुसली गेली. अ‍ॅव्हिरिसचं मोल या बारकाव्यात आहे.

त्याला मर्यादाही आहेत. ते फक्त वरचा थर पाहतं. हातभर खाली मुरलेलं तेल त्याला कळत नाही. हिरवं रान माती झाकतं, प्लॅस्टिकमध्येही कार्बन-हायड्रोजन बंध असतात, वाळलेलं गवतही जवळपासच्या खुणा दाखवतं. म्हणून नकाशा हाती आल्यावर कुणीतरी चिखलात उतरून नमुना घ्यावाच लागतो. कुठे उतरायचं, हे मात्र नकाशा सांगतो. किलोमीटरच्या किलोमीटर दलदल पायी तुडवणाऱ्यांसाठी ही मदत फार मोठी आहे.

भारताला हे तंत्र नवं नाही. अ‍ॅव्हिरिसची पुढची आवृत्ती २०१५-१६ मध्ये 'इस्रो'च्या विमानातून आपल्या देशावर उडाली. २०२० च्या मे महिन्यात आसामात बाघजान तेलक्षेत्रातल्या विहिरीचा उद्रेक झाला, तेव्हा शेजारच्या मागुरी-मोटापुंग पाणथळीला त्याची झळ बसली. अशा वेळी नुकसान ठरवायचं, तर आधीची माती कशी होती याची नोंद हाताशी लागते. आसामच्या तेलक्षेत्रांपासून उरणच्या खाडीकाठापर्यंत, जिथे जिथे तेल काढलं, साठवलं किंवा वाहून नेलं जातं, तिथल्या मातीची अशी हवाई मोजणी दुर्घटनेआधीच व्हावी आणि तिचे नकाशे तिथल्या शेतकऱ्यांना आणि कोळ्यांना खुले असावेत. भरपाई मागताना त्यांच्या हातात पुरावा असणं हा त्यांचा हक्क आहे.