पेयजल, परदेश प्रवासातील

परदेशात प्रवास करणाऱ्याने पिण्याचे पाणी निवडताना घ्यावयाची दक्षता आणि ते निर्धोक करण्याच्या पद्धती यांचा विचार येथे केला आहे. पाण्यावाटे होणारे बहुतेक विकार विष्ठेतील सूक्ष्मजीव पाण्यात मिसळल्यामुळे होतात. एश्चेरिकिया कोलाय या जंतूचे विषकारी प्रकार, पटकी, आंत्रज्वर व आमांश यांचे जंतू, यकृतशोथ-अ चा व्हायरस आणि जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम हे आदिजीव त्यांत प्रमुख आहेत. पाण्याचा निर्मळपणा, चव वा वास यांवरून त्यांचे अस्तित्व ओळखता येत नाही.

ही बाब लेनिनग्राडच्या (१९९१ पासून सेंट पीटर्सबर्ग) उदाहरणावरून स्पष्ट होते. १९६९–७३ या काळात सोव्हिएट संघात जाऊन आलेल्या सु. १,४०० अमेरिकन प्रवाशांच्या पाहणीत सु. २३ टक्के लोकांना जिआर्डियाचा संसर्ग झाल्याचे आढळले. हे पाणी रानातील ओढ्याचे नव्हते. संशयाचा रोख एका मोठ्या शहराच्या नळाच्या पाण्याकडे होता. जिआर्डिया पाण्यात जाड आवरणाच्या पुटीच्या रूपाने टिकून राहतो व जंतू मारण्यास पुरेशी असलेली क्लोरिनाची मात्रा त्याला, विशेषतः थंड पाण्यात, पुरी पडत नाही. लक्षणे बहुधा एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. त्यामुळे प्रवासी घरी परतल्यावर आजारी पडतो आणि पाण्याचा संबंध लक्षात येत नाही. स्थानिक लोक तेच पाणी पितात, हा निर्धोकपणाचा पुरावा नव्हे. वारंवार संसर्गामुळे त्यांच्यात काहीशी प्रतिकारक्षमता आलेली असते. त्या शहरात २००८ पासून सर्व पुरवठ्यावर जंबुपार किरणांचीही प्रक्रिया होऊ लागली. क्रिप्टोस्पोरिडियम तर क्लोरिनास याहून अधिक दाद देत नाही. अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९९३ मध्ये शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या पाण्यामुळे सु. ४ लाख लोक आजारी पडले. तेव्हा धोका केवळ अविकसित देशांतच असतो, हा समज बरोबर नाही.

सर्व प्रकारच्या सूक्ष्मजीवांवर खात्रीचा उपाय म्हणजे पाणी उकळणे. खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट, तर सु. २,००० मी. पेक्षा अधिक उंचीवर उत्कलनबिंदू कमी होत असल्याने ३ मिनिटे उकळावे व झाकून निववावे. क्लोरिनाच्या गोळ्या टाकल्यास निदान अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असल्यास ते आधी गाळून घ्यावे. आपल्याकडे तुरटी फिरविण्याची पद्धत आहे. तिच्यामुळे गाळ तळाशी बसतो, पण पाणी निर्जंतुक होत नाही. आयोडीन गर्भवती स्त्रियांनी व अवटू ग्रंथीचा विकार असलेल्यांनी वापरू नये. १ मायक्रोमीटर वा त्याहून सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीने आदिजीव अडतात, मात्र व्हायरस तीतून पार होतात. म्हणून गाळल्यावर क्लोरीन वापरणे इष्ट ठरते. शिसे, आर्सेनिक, नायट्रेटे ही रासायनिक द्रव्ये उकळल्याने जात नाहीत. तेथे पाण्याचा उगमच बदलावा लागतो.

बाटलीबंद पाणी घेताना झाकणाची मोहोर शाबूत असल्याचे पाहावे. बाटलीचे पाणी कटाक्षाने पिणारे प्रवासीही पेयातील बर्फ विसरतात. गोठविल्याने सर्व जंतू मरत नाहीत, तसेच पेयातील मद्यार्कानेही बर्फ निर्धोक होत नाही. दात घासण्यासाठी व कच्च्या भाज्या धुण्यासाठी वापरलेल्या पाण्यालाही हेच लागू आहे. उकळत्या पाण्याचा गरम चहा सामान्यतः सुरक्षित असतो.

अतिसार झाल्यास शरीरातील पाणी व लवणे भरून काढणे सर्वांत महत्त्वाचे असते. त्यासाठी साखर-मिठाच्या पुड्यांचे द्रावणही शुद्ध पाण्यातच करावे लागते. परतल्यानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ पोट बिघडलेले राहिल्यास वैद्याला प्रवासाची माहिती द्यावी. जिआर्डियाच्या पुटी विष्ठेतून सलग बाहेर पडत नसल्याने एकाच नमुन्यात त्या न सापडल्यास निरनिराळ्या दिवशी घेतलेले नमुने तपासतात.