कलिंगड एका बाजूनं का बसतं? फळ कापा, बिया पाहा



एकच शेत, एकच वाण, खत-पाणीही सारखंच. तरी एक कलिंगड चांगलं भरतं आणि दुसरं एका बाजूनं चपटं राहतं. व्यापारी पहिलं उचलतो, दुसरं भाव पाडून मागतो. मग फरक पडला कुठं?

चपटं फळ फेकण्याआधी आडवं कापा. भरलेल्या बाजूला काळ्या, टणक बिया दाटीनं दिसतील. चपट्या बाजूला बिया थोड्या, त्याही पांढऱ्या आणि पोचट असतील, तर समजा की परागीकरण कमी पडलं. पाण्याच्या ताणानं किंवा अन्नद्रव्यांच्या कमतरतेनंही फळ बिघडतं, म्हणून आधी बिया पाहायच्या.

बियांचा आणि आकाराचा संबंध असा. परागकण पोहोचला की बी धरते. वाढणाऱ्या बीमधून संजीवकं तयार होतात आणि त्यामुळं तिच्याभोवतीचा गर फुगतो. जिथं बी नाही, तिथं गर मागं राहतो.

कलिंगडाच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या देठाशी इवलंसं लवदार फळ असतं. पराग चिकट असल्यानं वाऱ्यानं उडत नाही, तो मधमाशीनंच न्यावा लागतो. मादी फुलाच्या कुक्षीला तीन भाग असतात. तिन्हींवर मिळून पाचशे ते हजार परागकण सारखे पडावे लागतात. त्यासाठी एका फुलावर मधमाशीच्या निदान आठ फेऱ्या व्हाव्या लागतात. फूल सूर्योदयानंतर उमलतं, दुपारपर्यंत मिटतं आणि पुन्हा उमलत नाही. फेऱ्या कमी झाल्या तर फळ वाकडं होतं. एकही झाली नाही तर ते पिवळं पडून गळतं.

पहिली काही दिवस नुसती नर फुलंच येतात आणि गळतात. त्याला घाबरू नका. मादी फुलं दिसू लागली की मात्र पुढील गोष्टी सांभाळा :

१. क्रॉप कव्हर काढा. मादी फुलं उमलू लागल्यावरही ते राहिलं, तर मधमाशी आत येणार कशी?

२. फुलोऱ्यात कीटकनाशक शक्यतो टाळा. फवारणी करावीच लागली, तर मधमाश्यांना कमी घातक औषध निवडा आणि सूर्य मावळल्यावर फवारा. सकाळी मुळीच नको. शेजाऱ्यालाही सांगा, कारण मधमाशीला बांध कळत नाही.

३. एकरी एक-दोन भरलेल्या मधपेट्या ठेवा. फार आधी आणू नका, नाहीतर माश्या दुसऱ्याच फुलोऱ्याची सवय लावून घेतात. पेटीला सावली हवी आणि जवळ स्वच्छ पाणी हवं.

४. सातेरी, फुलोरी, आग्या, पोया या सगळ्या माश्या आपल्या कामाच्या. बांधावरची पोळी जाळू नका.

५. माश्या फारच कमी असतील, तर सकाळी ताजं नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा आणि पराग मादी फुलाच्या तिन्ही भागांवर हलकेच टेकवा. थोड्या वेलांसाठी हे जमतं.

बिनबियांच्या कलिंगडालाही पराग लागतोच. त्यात बी धरत नाही, पण परागाशिवाय फळ वाढत नाही. म्हणून मधे मधे बियांच्या वाणाच्या ओळी लावाव्या लागतात.

पटत नसेल तर घरीच प्रयोग करा. उद्या उमलणाऱ्या पाच मादी कळ्यांवर आज संध्याकाळी पातळ कापडाची पिशवी बांधा, शेजारच्या पाच मोकळ्या ठेवा. दुसऱ्या दिवशी फुलं मिटल्यावर पिशव्या काढा आणि दहाही देठांना दोरा बांधून ठेवा. आठवडाभरात फरक दिसेल.

मधमाशीपालन शिकायचं असेल, तर महाबळेश्वरचं मध संचालनालय किंवा १९६२ पासून पुण्यात असलेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथं चौकशी करा.