सिगारेटवरून पेटलेली पैज आणि चौदा हजार फुटांची दमछाक

शर्यतीची सुरुवातच कळसूबाईच्या माथ्याहून उंच! कळसूबाई ५,४०० फूट आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं मॅनिटू स्प्रिंग्ज हे गाव ६,३०० फुटांच्याही वर. तिथून बार ट्रेल नावाची पायवाट निघते ती थेट पाइक्स पीकच्या शिखरावर, १४,११५ फुटांवर. अंतर २१ किलोमीटरच्या आसपास, चढण सुमारे ७,८०० फूट. लेकाकडे, लेकीकडे अमेरिकेला गेलेले आपले आईबाबा दातेरी रुळांच्या आगगाडीतून आरामात वर जातात, स्वेटरची बटणं लावत फोटो काढतात. आणि खालच्या दगडधोंड्यांतून अर्ध्या चड्डीतली माणसं धापा टाकत वर येत असतात. तीही सुट्टीवरच आलेली. ज्याची त्याची हौस!

या वेडाची सुरुवातही पैजेतूनच झाली. १९५६ मध्ये फ्लोरिडाच्या आर्ने सुओमिनेन या डॉक्टरांनी सिगारेट ओढणाऱ्यांना डिवचलं, ‘शिखरावर धावत जाऊन खाली येऊन दाखवा.’ तेरा जण उभे राहिले, त्यात धूम्रपान करणारे तीन. तिघांपैकी एकानेही पूर्ण फेरी मारली नाही. गंमत अशी, की त्यांच्यातला एक पठ्ठ्या खुद्द डॉक्टरांच्या आधी शिखरावर पोचला होता, पण पुन्हा खाली धावला नाही म्हणून बाद! पैजेचा निकाल लागला, शर्यत मात्र टिकली. आजही ती भरते: एके दिवशी नुसती चढाई, दुसऱ्या दिवशी चढउतार मिळून पूर्ण मॅरेथॉन. काही महाभाग दोन्ही दिवस धावतात.

१९५९ मध्ये इथे आर्लीन पायपर नावाच्या बाई धावल्या. नवरा-बायकोची व्यायामशाळा होती, तिची जाहिरात व्हावी एवढाच हेतू. पायात साधे स्वस्तातले बूट, सोबत नऊ वर्षांची मुलगी. मुलगी शिखरापर्यंत आली, आई नऊ तास सोळा मिनिटांत खाली परतली. अमेरिकेत मॅरेथॉन अधिकृतपणे पूर्ण करणारी पहिली बाई म्हणजे हीच. बोस्टन मॅरेथॉनमधून कॅथरीन स्विट्झर यांना केवळ बाई म्हणून ढकलून बाहेर काढायचा प्रयत्न झाला तो १९६७ साली, म्हणजे त्यानंतर आठ वर्षांनी. आणि पायपरबाईंना आपण इतिहास घडवल्याचं कळलं कधी? २००९ मध्ये! पन्नास वर्षं त्या विक्रम खिशात घेऊन हिंडत होत्या आणि खिसा चाचपायचं कुणाला सुचलं नाही.

आता दमाचं गणित. शिखरावरच्या हवेत ऑक्सिजन खालच्याइतकाच, म्हणजे २१ टक्के असतो. कमी होतो तो हवेचा दाब, समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के. त्यामुळे एका श्वासात ऑक्सिजन मिळतो तोही त्याच हिशेबाने. इथले मुरलेले धावपटू एक ठोकताळा सांगतात: सपाटीवर पूर्ण मॅरेथॉनला जितका वेळ लागतो, त्यात अर्धा तास मिळवा, तो तुमचा नुसत्या चढाईचा वेळ. म्हणजे अर्ध्या अंतराला पूर्ण अंतरापेक्षा जास्त! शेवटच्या टप्प्याला ‘सोळा सोनेरी पायऱ्या’ म्हणतात. नावात सोळा, वळणं मात्र बत्तीस.

मॅट कार्पेंटर या मॅनिटूकराने १९९३ मध्ये ही चढाई २ तास १ मिनिट ६ सेकंदांत मारली. हा विक्रम मोडायला तीस वर्षं लागली. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या रेमी बोनेने ४६ सेकंद वाचवले, पण दोन तासांची वेस काही ओलांडली नाही. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याच्या चाचणीत कार्पेंटरचा आकडा ९० च्या वर होता. धडधाकट तरुणाचा तो निम्म्याच्या आसपास असतो. आणि या माणसाचं गावात दुकान कसलं होतं? गारेगार कस्टर्डचं!

उंचीवर शरीर आणखीही करामती करतं. श्वास जोरात चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, तो तोल सांभाळायला मूत्रपिंडं कामाला लागतात आणि लघवीच्या फेऱ्या वाढतात. बाहेरचा दाब उतरल्यावर पोटातला वायूही फुगतो. कोलोरॅडोच्याच डोंगरांत भटकलेल्या दोन डॉक्टरांनी १९८१ मध्ये यावर वैद्यकीय नियतकालिकात रीतसर टिपण छापून आणलं. तेव्हा धावताना मागच्याशी थोडं अंतर ठेवलेलं बरं. हसण्यावारी न्यायची नाही ती डोकेदुखी आणि मळमळ. तेव्हा ‘आलोच आहोत तर’ म्हणून रेटायचं नाही, खाली उतरायचं. उन्हाळ्यात दुपारी इथे विजा कडाडतात आणि शेवटच्या पाच किलोमीटरांत आडोशाला झाड नाही, म्हणून शहाणे लोक पहाटेच निघतात.

या शिखरावर विज्ञानानेही मुक्काम ठोकला होता. १९११ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन आणि त्यांचे सहकारी माथ्यावर पाच आठवडे राहून आपलेच श्वास मोजत बसले. (पुढे भारताचं नागरिकत्व घेऊन भुवनेश्वरला स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचे चिरंजीव.) त्यांच्याच मोहिमेतल्या मेबल फिट्झजेराल्ड मात्र खाणकामगारांचे श्वास तपासत एकट्या डोंगराळ वस्त्यांतून फिरल्या. माझ्या मते जास्त टिकाऊ काम बाईंचंच. फुप्फुसं स्वतःहून ऑक्सिजन रक्तात ढकलतात, हा हाल्डेनसाहेबांचा लाडका समज पुढे खोटा ठरला, बाईंची मापं उभी राहिली. ऑक्सफर्डने त्यांना मानद पदवी दिली, पण त्यांनी शंभरी गाठल्यावर, १९७२ मध्ये.

वर पोचणाऱ्याला बक्षीस म्हणजे गरम डोनट. इथे पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं, पीठही खालच्यासारखं वागत नाही, म्हणून या डोनटची कृती खास उंचीसाठी बेतलेली. खाली न्यायच्या भानगडीत पडू नका, तिथल्या तिथे फस्त करा.

धावणं फारच सोपं वाटत असेल तर आणखी एक सोय आहे. १९२९ मध्ये बिल विल्यम्स नावाच्या टेक्सासच्या गड्याने भुईमुगाची शेंग नाकाने ढकलत या शिखरावर नेली. जवळजवळ तीन आठवडे लागले. पुढे आणखी तिघांनी हा पराक्रम केला. त्यातला शेवटचा २०२२ चा, बॉब सेलम, त्याने तोंडाला चमचा बांधला आणि सात दिवसांत वर. वाटेत शेंगा हरवत होत्या म्हणून जादा शेंगा सोबत घेतल्या होत्या.