रोहितांचे उड्डाण आणि होडीचे अंतर

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्यामागे विस्तीर्ण जलाशय पसरला. परंतु भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या गावांकडचा त्याचा उथळ फुगवटा पक्ष्यांच्या दृष्टीने एक हंगामी तलावच आहे. पावसाळ्याअखेर भरलेले हे पाणी पाटबंधारे खात्याच्या आवर्तनांबरोबर हळूहळू उतरू लागते, उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत पिके उभी राहतात, आणि त्यांच्या पलीकडे, जेथे जेमतेम गुडघाभर पाणी उरते, तेथे चिखलातील अळ्या, शेवाळ आणि सूक्ष्म कवचधारी जीव रोहित पक्ष्यांच्या चोचीच्या आटोक्यात येतात. पाणी ओसरण्यास विलंब झाला, की रोहितांचे आगमनही लांबते.

रोहित कसा चरतो, हे दुर्बिणीतून स्वस्थपणे पाहण्यासारखे आहे. मान खाली सोडून तो डोके पूर्णपणे उलटे करतो, त्यामुळे वरची चोच तळाशी आणि खालची वर येते. जाड, मांसल जीभ दट्ट्याप्रमाणे वेगाने मागेपुढे होऊन पाणी आत ओढते व बाहेर लोटते, आणि चोचीच्या कडांवरील बारीक पापुद्र्यांत अन्नकण अडकून राहतात. या अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांतूनच त्याच्या पिसांना गुलाबी छटा चढते. पिल्ले राखी-तपकिरी असतात आणि त्यांना हा रंग पूर्णपणे येण्यास काही वर्षे लागतात.

मात्र त्या रंगाचे खरे वैभव मिटलेल्या पंखांत दडलेले असते. चरणारा रोहित दुरून जवळजवळ पांढराच भासतो. त्याने पंख उघडले म्हणजेच लालभडक आच्छादनपिसे आणि त्यांना लागून असलेली काळीभोर उड्डाणपिसे एकदम दृष्टीस पडतात. म्हणून भिगवणला येणाऱ्या बहुतेक छायाचित्रकारांना उड्डाणाचेच चित्र हवे असते, आणि त्यासाठी होडीवाल्याला ‘जरा आणखी जवळ घ्या’ असा आग्रह होतो. हा आग्रह मला सर्वथा गैर वाटतो. एवढा मोठा पक्षी जागच्या जागी उडू शकत नाही. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, पाण्यावर धावत, पंख झोडपत त्याला वेग घ्यावा लागतो. सकाळभर चाळून मिळविलेली शक्ती तो या धावण्यात खर्च करतो, शिवाय चरण्याचा वेळ बुडतो तो वेगळाच. एका होडीनंतर दुसरी आणि दुसरीनंतर तिसरी आली, तर हा भुर्दंड किती वाढतो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पक्षी आपली हरकत उडण्यापूर्वीच नोंदवतो. प्रथम थव्याच्या होडीकडील कडेची डोकी पाण्याबाहेर येतात, माना ताठ होतात, आवाज वाढतो, आणि मग सगळा थवा एकाच दिशेने संथपणे चालू लागतो. पहिली मान वर होताच वल्हे थांबवावे. थोडे मागे सरकल्यावर माना पुन्हा खाली गेल्या, तर योग्य अंतर सापडले असे समजावे.

उड्डाणाचे चित्र हवेच असेल, तर त्याची तजवीज वाऱ्याच्या आधारे करता येते. पक्षी उतरतानाही वाऱ्याला सामोरे जातात. तेव्हा वारा आपल्या पाठीवर घेऊन दूरवर थांबल्यास, चरण्याची जागा आपखुशीने बदलणारे थवे पंख पसरून समोरूनच उतरताना दिसतात. सकाळी सूर्यही पाठीशी असेल, तर पंखांखालचा लाल रंग उजळून निघतो. पंखांची हालचाल गोठविण्यास सेकंदाच्या दोनहजाराव्या भागाइतका प्रकाशनकाळ पुरतो. आणि काळसर पाण्यापुढे पांढरी पिसे जळून जाऊ नयेत, म्हणून यंत्राने सुचविलेल्या मापापेक्षा प्रकाश थोडा कमी घ्यावा. ऊन चढले, की तापलेल्या चिखलावरील हवेचे थर कमी-अधिक घनतेचे होऊन प्रकाशकिरण वेडेवाकडे वळू लागतात, आणि उत्तम भिंगातूनही दूरच्या पक्ष्यांच्या कडा थरथरत्या उमटतात. भिंग बदलून हा दोष जात नाही. अशा वेळी कॅमेरा पिशवीत ठेवून दुर्बीण हाती घ्यावी आणि उलट्या चोचींचे काम पाहत बसावे.