नितळ पाणी म्हणजे तयार पाणी नव्हे

खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत प्रवाळ मरू लागले की संशय आधी दिव्यांवर जातो. बहुतेकदा टाकीतले नत्रचक्र (विष्ठा व उरलेल्या खाद्यातून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचे जिवाणूंकडून आधी नायट्राइट, मग सौम्य नायट्रेट होणे) अजून बसलेले नसते. विरजण लावल्याबरोबर दही लागत नाही, तसे हे जिवाणू वाढायलाही वेळ लागतो. साधारण चार ते सहा आठवडे. तोवर पाणी अगदी नितळ दिसते, कारण अमोनियाला रंग नसतो. तो चाचणीतच कळतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावरही क्षारता (पाण्यातला कार्बोनेटांचा साठा, यातूनच कठीण प्रवाळ सांगाडा बांधतात) मोजत राहावी. ती झपाट्याने वरखाली झाली, तर नाजूक प्रवाळांचे मांस सांगाड्यावरून सुटू लागते. अशा वेळी घाईने औषधे ओतणे सर्वांत घातक. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीही सावकाश.