ग्राइंडरचे चाक : थोडी एहतियात, मोठा बचाव

मोमिनपुरा, हंसापुरीपासून कामठीपर्यंत आणि हिंगणा, बुटीबोरीच्या एम.आय.डी.सी.मध्ये आपले कितीतरी बांधव लोखंडाच्या कामावर रोजी कमावतात. ग्रिल-गेट असो, पॉवरलूमचे सुटे भाग असोत की बकरी ईदच्या आधी सुऱ्यांना धार लावणे असो, ग्राइंडर लागतोच. पण फिरते चाक फुटले की त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात. कुणाचा डोळा जातो, कधी जीवही जातो. म्हणून मालक आणि कारागीर दोघांनीही पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट वेगाची. प्रत्येक चाकावर जास्तीत जास्त किती फेरे चालतील ते छापलेले असते. मशीनचे फेरे त्याहून जास्त नसावेत. चार इंची हँड ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. सात इंची चाक साधारण ८,५०० फेऱ्यांसाठी बनलेले असते, म्हणजे त्याची कड सेकंदाला ८० मीटर धावू शकते. काही ठिकाणी गार्ड काढून हेच मोठे चाक लहान मशीनवर चढवतात. तेव्हा कड सेकंदाला १०४ मीटर धावते आणि चाकावरचा ताण पावणेदोन पटींजवळ जातो. फुटण्याची भीती वाढते आणि अडवणारा गार्डही नसतो. ही सवय आजच सोडावी.

१९४८ च्या कारखाना कायद्याने कलम ३० मध्ये प्रत्येक ग्राइंडिंग मशीनजवळ सुरक्षित वेगाची पाटी लावणे बंधनकारक केले होते. आपले वर्कशॉप लहान असले तरी अशी पाटी मराठीत आणि उर्दूत लिहून लावावी.

दुसरी गोष्ट चाक बसवण्याची. बेंच ग्राइंडरचे जाड चाक बसवण्यापूर्वी ते बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलके ठोकावे. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तसेच हे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा समजावा आणि चाक फेकून द्यावे. चाकाला चिकटलेला कागद फाडू नये, त्याने दाब सारखा पडतो. नट हातोडीने ठोकून आवळू नये. नवे चाक लावल्यावर बाजूला उभे राहून एक मिनिट रिकामे फिरवावे.

टूल रेस्ट आणि चाक यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर माल आत ओढला जाऊन चाक फुटते. कटिंग व्हीलच्या बाजूने घासू नये. लोखंडाच्या चाकावर ॲल्युमिनियम घासू नये. ते चाकात भरून बसते आणि चाक तापते.

राळेने बांधलेल्या चाकावर मुदतीचा महिना आणि वर्ष छापलेले असते. मुदत गेलेला माल स्वस्त म्हणून घेऊ नये. दुकानदार बांधवांनीही तो विकू नये. अशा नफ्यात बरकत नसते.

कापडाचा व्यापारी म्हणून एक गोष्ट खास सांगतो. टेरीकॉट, पॉलिस्टर अंगात घालून ग्राइंडरवर काम करू नये. ठिणगीने ते वितळते आणि कातडीला चिकटते. जाड सुती कपडा किंवा चामड्याचा एप्रन बरा. बाह्या बंद असाव्यात, गळ्यात गमछा नको. बेंच ग्राइंडरवर कापडी हातमोजे घालू नयेत, चाक त्यांना हातासकट ओढते. चिंध्या आणि कापूस ठिणग्यांपासून दूर ठेवावेत. त्या आत धुमसत राहतात आणि दुकान बंद झाल्यावर पेट घेतात.

डोळ्यांवर चष्मा हवाच. तरीही कण गेला तर डोळा चोळू नये, रुमालाच्या टोकाने किंवा सुईने काढू नये. लोखंडाचा कण राहिला तर गंज डोळ्यात उतरतो. त्याच दिवशी मेयो किंवा मेडिकलच्या नेत्र विभागात जावे.

उंट बांधून मगच तवक्कुल करावा, ही आपल्याला शिकवण आहे. शागिर्द हा त्याच्या आई-बापांनी उस्तादाकडे सोपवलेली अमानत असतो. त्याला मशीनवर उभे करण्यापूर्वी गार्ड जागेवर आहे की नाही, हे उस्तादाने स्वतः पाहावे.