उडेल हो, पण उतरेल कुठे?

फ्लाइंग कार 'पुढच्या दोन वर्षांत' येणार, हे आपल्या आजोबांनीही ऐकलं होतं. मग ती अजून पार्किंगमध्ये का दिसत नाही? ताडकळसच्या एका शेतात उभं राहून शोधलेलं उत्तर.

दिवाळीला मामाच्या गावी गेले होते. ताडकळस, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. पुण्याहून रात्री ट्रॅव्हल्सने निघायचं, सकाळी परभणीत डोळे चोळत उतरायचं, स्टँडवर एक कडक चहा मारायचा आणि मग एसटी. पाठीचा पार भुगा झालेला असतो. त्यात आदल्या संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडायलाच तास-दीड तास गेलेला. अशा वेळी कुणी मोबाइलवर उडत्या गाडीचा व्हिडिओ फॉरवर्ड केला, तर तुम्ही काय कराल? मी केलं तेच. तीनदा पाहिला.

घरी पोचल्यावर तोच व्हिडिओ मामांना दाखवला. चकाचक पांढरी गाडी, वर गरगरणारे पंखे, खाली तुंबलेला रस्ता. मामांनी चष्मा वर-खाली करत तो शांतपणे पाहिला आणि फोन परत दिला.

"उडतेल बी गं बाई. पन उतरतेल कुठं?"

मी हसले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण हा नुसता टाइमपास नव्हता. माझ्या टीममधल्या एका मित्राला एका एअर टॅक्सी स्टार्टअपची ऑफर आली होती. हातात येणारा पगार आतापेक्षा कमी, कंपनीचे शेअर भरपूर. घराचा हप्ता चालू, बायको पाच महिन्यांची गरोदर. "तुला काय वाटतं, हे खरंच उडणार का?" असं त्याने मला निघताना विचारलं होतं. मामांनी त्याचा प्रश्नच बदलून टाकला.

उडून झालंय, बॉस!

पहिली गंमत म्हणजे, उडती गाडी कधीच उडून गेलीय. अमेरिकेत वॉल्डो वॉटरमन यांची 'ॲरोबाइल' १९३७ मध्ये उडाली. मोल्ट टेलर यांच्या 'एरोकार'ला १९५६ मध्ये सरकारी प्रमाणपत्रसुद्धा मिळालं. पंख दुमडून मागे जोडायचे आणि रस्त्याने घरी यायचं! एकूण किती बनल्या? सहा. पुरेशा ऑर्डरीच आल्या नाहीत, म्हणून कारखाना उभा राहिला नाही.

का? कारण गाडीला जे हवं ते विमानाला नको असतं. गाडीला वजन हवं, मजबूत बंपर हवा, रस्त्याला धरून राहणारी बॉडी हवी. विमानाला एकेक किलो जड वाटतो. दोन्ही एकत्र केलं की गाडीही बेताची आणि विमानही बेताचंच, वर किंमत दोघांची मिळून. शिवाय चालवणाऱ्याला लायसन्स पायलटचं लागतं. सिग्नलला शेजारच्या टेम्पोने बारीकसा पोचा काढला, तर गाडी गॅरेजमध्ये जाते. विमानाच्या पंखाला पोचा आला, तर आधी इंजिनिअरची सही लागते, मगच उड्डाण.

१९७३ मध्ये कॅलिफोर्नियात दोघा इंजिनिअर्सनी फोर्डच्या 'पिंटो' गाडीला सेस्ना विमानाचे पंख जोडले. चाचणीत जोड निखळला आणि दोघेही गेले. त्याच कॅलिफोर्नियातले पॉल मोलर १९६० च्या दशकापासून 'स्कायकार'चा ध्यास घेऊन बसले होते. त्यांची गाडी सुरक्षेसाठी क्रेनच्या दोराला बांधून जमिनीपासून थोडी वर तरंगली, बस्स. २००३ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरला आणि दंड भरून तो मिटला. २००९ मध्ये मोलर यांनी दिवाळखोरी जाहीर केली.

थोडक्यात, हवेत जाणं हा भाग जमलेला आहे. रोज, सगळ्यांसाठी, परवडेल अशा भाड्यात आणि जिवाला धोका न होता जाणं, हे अजून जमायचंय.

दहा लिटरचा धडा

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा म्हणाले, "चल, तुला उडतं यंत्र दावतो." शेजारच्या शिवारात तुरीवर फवारणीला ड्रोन आला होता. तूर डोक्याएवढी झाली की पाठीवर पंप घेऊन आत शिरणं म्हणजे शिक्षा. म्हणून हल्ली भाड्याने ड्रोन मागवतात.

धुऱ्यावर ताडपत्री अंथरलेली. तिच्यावर सहा हातांचा तो कोळी उभा. दहा लिटरची टाकी भरली, पोराने रिमोट हलवला आणि घुंऽऽ करत तो वर गेला. साधारण एक एकर झालं, दहाएक मिनिटं झाली, की परत ताडपत्रीवर. टाकी रिकामी, बॅटरीही संपत आलेली. दुसरी बॅटरी लावा, पहिली चार्जिंगला. मोटारसायकलवर बॅटऱ्यांची पेटी घेऊन आलेला तो पोरगा दिवसभर हेच करत होता.

आता डोळ्यांपुढे आणा : हेच यंत्र, पण दहा लिटर औषधाऐवजी आत चार माणसं आणि एक पायलट. एअर टॅक्सीचा फंडा मुळात हाच आहे. आणि घोडं अडतं तेही इथेच. एक किलो विमानाच्या इंधनात साधारण १२,००० वॉट-अवर ऊर्जा असते. आजच्या चांगल्या लिथियम बॅटरीच्या एका किलोत साधारण २५०. इलेक्ट्रिक मोटर इंजिनापेक्षा कमी ऊर्जा वाया घालवते हे खरं, पण तेवढी सूट देऊनही दरी दहापटीच्या वर राहते. शिवाय इंधन जळत जातं तसं विमान हलकं होतं. बॅटरी निघताना जेवढी जड, तेवढीच उतरतानाही.

त्यातून उभं वर उठायला आणि एका जागी तरंगायला सगळ्यात जास्त ताकद लागते. म्हणून बऱ्याच कंपन्या पंख जोडतात, म्हणजे एकदा वर गेल्यावर पंखांवर तरंगत पुढे जाता येतं. पण उतरायची जागा मोकळी नसेल, तर वाट बघायलाही ऊर्जा राखून ठेवावी लागते. हेलिकॉप्टरला साधारण २० मिनिटांचं राखीव इंधन लागतं. इथे एकूण उड्डाणच काही मिनिटांचं, त्यात राखीव किती ठेवणार?

मजा म्हणजे ड्रोनचं भविष्य गावात आधी पोचलंय. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रोबोट आणि ड्रोनच्या शेतीवर प्रकल्प झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये देशात ड्रोनचे नियम सोपे झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. हे चाललं, कारण मागणी छोटी होती. माणूस आत बसवायचा नाही, दहा मिनिटं पुरे, आणि उतरायला धुरा आहे.

कांदिवलीची गच्ची, फुलसावंगीचं वर्कशॉप

आपल्या मराठी माणसाने प्रयत्न केला नाही असं नाही. कॅप्टन अमोल यादव यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पेशाने पायलट. त्यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. गच्चीवर! आपण तिथे फार तर कुंड्या ठेवतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते क्रेनने खाली आणून बीकेसीच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं, आणि एका दिवसात ते हीरो झाले.

पण पुढच्या तारखा नीट बघा. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारबरोबर पालघरमध्ये विमान कारखाना काढायचा करार झाला, आकडा तब्बल ३५,००० कोटी रुपयांचा. उड्डाण चाचणीची परवानगी मिळाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. धुळ्यात विमान प्रत्यक्ष हवेत गेलं २०२० मध्ये. म्हणजे कराराचा आकडा एका दिवसात हेडलाइनमध्ये आला, विमानाला हवेत जायला त्यानंतरही दोन वर्षं लागली. आणि हे पंख, शेपूट, धावपट्टी असलेलं साधं विमान होतं, ज्याचं शास्त्र शंभर वर्षं माहितीचं आहे.

तुम्ही म्हणाल, ही सगळी सरकारी फायलींची कृपा. काही अंशी असेलही. पण दुसरी गोष्ट ऐका. नांदेड जिल्ह्याच्या शेजारी, यवतमाळच्या महागाव तालुक्यात फुलसावंगी आहे. तिथल्या वेल्डिंगचं काम करणाऱ्या २४ वर्षांच्या तरुणाने स्वतःच्या हाताने एका सीटचं हेलिकॉप्टर बनवलं. ऑगस्ट २०२१ मध्ये, एका रात्री चाचणी घेताना पातं तुटलं आणि त्याच्या डोक्याला लागलं. तो वाचला नाही. आम्ही सगळ्यांनी ती क्लिप बघितली, हळहळलो आणि पुढच्या क्लिपवर गेलो. पातं किती वेळ फिरल्यावर थकतं, तुटलं तर कुठे जाऊन लागेल, हे तपासायला हजारो तास लागतात. ते तास म्हणजेच प्रमाणपत्र. ते टाळून कुणी 'पुढच्या वर्षी' म्हणत असेल, तर मला फुलसावंगी आठवते.

वायदे आणि वास्तव

गेल्या दहा वर्षांतला हिशेब मांडू. २०१६ मध्ये उबरने हवाई टॅक्सीचा प्लॅन जाहीर केला. २०१८ मध्ये पहिल्या काही देशांच्या यादीत भारताचंही नाव घेतलं आणि आपण 'अंधेरी ते बीकेसी पाच मिनिटांत' अशी स्वप्नं बघू लागलो. डिसेंबर २०२० मध्ये उबरने तो विभागच दुसऱ्या कंपनीला देऊन टाकला. गूगलचे लॅरी पेज यांचा पैसा मागे असलेली 'किटी हॉक' २०२२ मध्ये बंद झाली. जर्मनीच्या 'व्होलोकॉप्टर'ला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी न्यायचे होते. ऑलिंपिक झालं, प्रवासी गेले नाहीत आणि वर्षअखेर कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. 'लिलियम'ने त्याच ऑक्टोबरमध्ये हात वर केले होते.

मग सगळंच थाप? तसं नाही. चीनच्या 'ईहँग'च्या दोन सीटच्या, पायलट नसलेल्या यंत्राला ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र मिळालं. स्लोव्हाकियाची 'एअरकार' जून २०२१ मध्ये एका शहरातून दुसऱ्या शहरात ३५ मिनिटांत उडत गेली आणि विमानतळावरून रस्त्याने शहरात शिरली. आपल्याकडे आयआयटी मद्रासमधून निघालेली 'ईप्लेन' आणि बंगळुरूची 'सरला एव्हिएशन' खऱ्या इंजिनिअरिंगवर काम करताहेत. माझी शंका इंजिनिअर्सवर नाहीच. ती आहे तारखेवर.

बरं, उतरायचं कुठे?

आता मामांचा प्रश्न. समजा हिंजवडीतून संध्याकाळी एक हजार माणसांना हवेतून न्यायचंय. चार प्रवाशांची एक टॅक्सी म्हणजे २५० उड्डाणं. प्रत्येकीला उतरायला, माणसं बदलायला, चार्जिंगला जागा हवी. आजूबाजूला टॉवर, वर महावितरणच्या तारा, खाली सोसायटीचे चेअरमन. रात्री अकराला गच्चीवर गाणी लावली तर ते पोलिसांना बोलावतात, पंखे लावू देतील?

लांबचं सोडा. ताडकळसला जवळचं विमानतळ नांदेडचं. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेत नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं तेव्हा अख्ख्या मराठवाड्याला भारी वाटलं. धावपट्टी तयार, विमान साधं, सरकारची मदतही होती. पण ते चालवणारी 'ट्रूजेट' २०२२ मध्ये बंद पडली. हवेतली वाहतूक नुसत्या पंख्यांवर चालत नाही. रोजच्या तिकिटांचा हिशेब जुळावा लागतो.

पुढच्या लाँचला विचारायचे पाच प्रश्न

१. आत माणूस बसवून उडालंय, की नुसता ॲनिमेटेड व्हिडिओ आहे?

२. प्रमाणपत्र कुणाचं मिळालंय? 'प्रक्रिया सुरू आहे' हे उत्तर नव्हे.

३. पूर्ण भरून, राखीव ऊर्जा ठेवून किती किलोमीटर जातं?

४. उतरायच्या जागा ठरल्यात का? पत्ता सांगा.

५. आधी सांगितलेली तारीख कोणती होती?

पुण्याला परतल्यावर ही यादी मी मित्राला मेल केली. त्याने इंटरव्ह्यूच्या शेवटच्या राउंडला, 'तुमचे काही प्रश्न?' असं विचारल्यावर, पाचही विचारले. पहिल्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर चोख मिळालं, आकड्यांसकट. दुसऱ्याला 'लवकरच', चौथ्याला 'चर्चा चालू आहे'. पाचव्याला समोरचा माणूस मोकळेपणाने हसला आणि दोन जुन्या तारखा त्याने स्वतःच सांगितल्या. मित्राला तो हसणारा माणूस आवडला. त्याने ऑफर घेतली, पण शेअर कमी करून पगार आताएवढा करून घेतला. हप्ता पगारातून जाईल. शेअर उडाले तर उडाले.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. पलीकडे ड्रोनची घरघर ऐकू येत होती, बहुतेक पुन्हा कुणाच्या तरी तुरीवर.

"चांगलं केलं पोरानं," मामा म्हणाले. "आधी ताडपत्री हातरायची, मंग उडवायचं."